‘तांबडा शेजारी’, भाग एकशे नऊ

५ डिसेंबर १९५९. दुपारी तीन.

‘पमे, तुले शेवट करता येत नाही. तू नुसती लांबवतेस.’

तारा हे म्हणाली तेव्हा आम्ही दोघी मॅट्रिकच्या वर्गात होतो. मधल्या सुट्टीत मी तिला एका राणीची गोष्ट सांगत असे. चार महिने सांगितली. राणी चार महिने घोड्यावर बसण्याच्या बेतात होती.

आज हे आठवायचं काही कारण नाही. ‘नभोदीप’चा अंक आला, एवढंच. त्यात ‘तांबडा शेजारी’चा एकशे आठवा भाग आहे आणि खाली ‘क्रमशः’च्या जागी ‘समाप्त’ छापलं आहे. छापखान्याची चूक असणार.

त्याच दिवशी, साडेपाच.

चूक नाही. एडिटरने चौकट टाकली आहे. जपमाळेइतके भाग झाले, लेखक ‘ध्रुवदर्शी’ आता विश्रांती घेत आहेत. नऊ वर्षं मंगळावर माणसं वसवायची आणि मग विश्रांती घ्यायची.

शेवट असा. पृथ्वीसंघात जायचं की वेगळं राहायचं यावरून मंगळावरची वसाहत फुटते. सगळे भांडून आपापल्या यानांतून निघून जातात. बिनतारी यंत्रावर बसणारी रेवती हवाघुमटात एकटी उरते. हवा तीन दिवसांची. ती पृथ्वीला निरोप पाठवते. निरोप जायला वीस मिनिटं, उत्तर यायला वीस. चाळीस मिनिटं होऊन जातात. समाप्त.

असा शेवट करतात का कुठे.

माझ्यावर काहीही परिणाम झालेला नाही. पोळ्या करपल्या त्या शेगडीमुळे.

७ डिसेंबर. सकाळी.

अंक मोरोपंतांकडे दिला. आमची पद्धत जुनी आहे. अंक एकच, माझ्या नावाने येतो. दोन दिवस माझ्याकडे, दोन दिवस मोरोपंतांकडे, मग तपासायला परत माझ्याकडे, मग गोवर्धनबरोबर अकोल्याला ताराकडे. अमरावतीने मार्जिनमध्ये पेन्सिलने मत लिहायचं, अकोल्याने निळ्या शाईने. महिनाअखेर अंक शेरे घेऊन परत येतो. नियम मीच केले. नियम चार: पान गेलं, भिजलं, तेलकट झालं, तर हाताने उतरवून अंकात शिवावं. मोरोपंतांनी एकदा समई कलंडवली होती तेव्हा केला.

ताराच्या निळ्या शाईचं अक्षर फार सुरेख आहे. ती गणित शिकवते, त्यामुळे आकडेसुद्धा.

तीन वर्षं झाली, आमचं बोलणं नाही, पत्र नाही. फक्त मार्जिन. १९५६च्या ऑक्टोबरात मी अकोल्याला तिच्या घरी गेले होते. वसाहतीच्या मतदानाचा भाग नुकताच आला होता. मी म्हटलं, एकत्र राहावं. ती म्हणाली, वेगळं व्हावं, पृथ्वीसंघाच्या करारावर कोणाचं पोट भरत नाही. मंगळावरून आम्ही विदर्भावर कधी आलो ते कळलंच नाही. मी काहीतरी बोलले. राजकारणाबद्दल. तिने माझी पिशवी उचलून दारात ठेवली.

गोष्टच संपली तर अंक अकोल्याला कशासाठी जायचा, हा एक व्यवस्थेचा प्रश्न आहे. भावनेचा नाही.

९ डिसेंबर. दुपार.

मोरोपंत अंक घेऊन आले. खूश होते. ते भिक्षुकी करतात, पत्रिका बघतात, त्यामुळे नऊ वर्षं त्यांचा एकच शेरा: पापग्रह आहे. आज म्हणाले, ‘वहिनी, मी पहिल्या भागाला सांगितलं होतं. मंगळावर कोणाचं मंगल होत नसते.’ आमचे हे कोर्टातून आले होते. म्हणाले, ‘पंत, तिथं पत्रिकेत पृथ्वी कोणत्या घरात मांडता?’ पंत चहा अर्धा ठेवून गेले.

संकल्प: ‘तांबडा शेजारी’ विसरायचा. वह्या तपासायच्या. सहामाहीच्या चाळीस वह्या पडून आहेत.

१० डिसेंबर. सकाळी साडेसात.

अंकाची शेवटची चार पानं सैल झाली होती. मी ती कात्रीने अधिक सैल केली.

नियम चारप्रमाणे उतरवून शिवली. उतरवताना शेवटचा परिच्छेद किंचित बदलला. एकेचाळिसाव्या मिनिटाला यंत्र खरखरतं. रेवती दचकून बघते. क्रमशः.

हे खोटं नाही. यंत्रं खरखरतातच. आमचा रेडिओसुद्धा.

मूळ पानं नकाशांच्या पुस्तकात ठेवली.

११ डिसेंबर.

गोवर्धन आला. शेंदूरजनाघाटहून अमरावतीला संत्री आणतो, शुक्रवारी इथला माल उतरवला की अकोल्याला जातो. बडनेरा ते अकोला गाडीत अंक वाचून काढतो, मग ताराच्या हवाली करतो. शिवलेली पानं बघून म्हणाला, ‘हे काय बाप्पा, छापखान्याची शाई संपली काय?’ मी सांगितलं, उंदरांनी खाल्लं. म्हणाला, ‘तुमच्या घरचे उंदरं लयच वाचक हायेत, बाई. बाकी पुस्तक सोडलं अन् नेमकी गोष्टच खाल्ली.’

गोवर्धन हुशार आहे, पण फार शिकलेला नाही, त्यामुळे धोका नाही.

३१ डिसेंबर.

अंक परत. ‘यंत्र खरखरतं’च्या बाजूला निळ्या शाईत एकच ओळ: ‘हवा तीन दिवसांची आहे. लक्षात ठेवावे.’

ठेवावे! तृतीयपुरुषी, पण उपदेश आहे. उपदेश परक्याला कोणी करत नाही. वर्षाचा शेवट फार चांगला झाला.

९ जानेवारी १९६०.

जानेवारीच्या अंकात अर्थातच गोष्ट नाही. तिच्या जागी मधुमक्षिकापालन आहे. मी एडिटरला पाच तारखेलाच पत्र टाकलं आहे की, ध्रुवदर्शी थकले असल्यास लेखन पुढे चालवायला अमरावतीत एक व्यक्ती तयार आहे. उत्तर येईपर्यंत वाचकांची गैरसोय नको म्हणून भाग एकशे नऊ मी लिहून शिवला. सोबत चिठी: ‘जागेअभावी गोष्ट आता वेगळ्या पुरवणीत येते. पुरवणीचा कागद फार पातळ, हातात विरतो, म्हणून नियम चार.’

भाग उत्तम उतरला आहे. ध्रुवदर्शींपेक्षा ओघ जास्त आहे. रेवती यंत्र दुरुस्त करायला घेते, तोवर चहा करते, खिडकीतून तांबडी धूळ बघते, आणि लहानपणीच्या एका मैत्रिणीची आठवण काढते. मैत्रीण गणितात हुशार होती. हे केवळ पात्ररचनेसाठी.

२ फेब्रुवारी.

निळी शाई: ‘या भागात काही घडले नाही.’

बारकाईने वाचल्याशिवाय काही घडलं नाही हे कळत नाही. तिने बारकाईने वाचलं.

१५ फेब्रुवारी.

एडिटरचं छापील कार्ड: ‘आपले साहित्य मिळाले. स्थलाभावी साभार परत.’ मी साहित्य पाठवलंच नव्हतं, त्यामुळे ही नकारघंटा माझ्यासाठी नाही. कोणा दुसऱ्याचं कार्ड चुकून आलं.

संकल्प: एप्रिलच्या आत रेवतीला उत्तर मिळालं पाहिजे. उत्तर काय ते ठरवायचं.

२० मार्च.

एकशे अकरा. रेवती चहा करते. उत्तराचे पहिले दोन शब्द येतात आणि वादळ होतं.

ते दोन शब्द कोणते हे मी लिहिलेलं नाही. पंधरा वेळा लिहिलं आणि खोडलं. ‘मी चुकले’ हे फार साधं वाटतं. ‘कशी आहेस’ हे पृथ्वीसंघाच्या अधिकृत निरोपात शोभत नाही.

४ एप्रिल.

निळी शाई, पानभर! ‘तीन दिवसांच्या हवेत आज एकशे सोळा दिवस झाले. (हिशेब मागे.) हवा कुठून आली? चहाला पाणी कुठून आले? रेवती अजून चहाच करून राहिली.’

‘करून राहिली’! मार्जिनमध्ये तारा नेहमी पुस्तकी लिहिते. हे घरचं आहे. हे आमच्या मधल्या सुट्टीतलं आहे.

शाळेत फळ्यावर भारताच्या नकाशात मी गोदावरी नर्मदेच्या वर काढली. मुलींनी दाखवलं. इतकी वर्षं भूगोल शिकवते, कधी तरी व्हायचंच.

२ मे.

काल महाराष्ट्र राज्य झालं. गावात कमानी, पेढे. ह्यांनी बार रूमच्या सभेत भाषण केलं. मला वाटलं होतं तसा आनंद झाला नाही. मी जिंकले होते आणि सांगायला कोणी नव्हतं.

आज गोवर्धन आला. मी सहज विचारलं, अकोल्याला ताराबाई काय म्हणाल्या राज्याबद्दल. तो म्हणाला, ‘काई नाई म्हणल्या. संत्र्याचा भाव विचारला. मग म्हणे, तुमच्या मास्तरीणबाई खूश असतीन.’ मी विचारलं, कशा सुरात म्हणाल्या. तो म्हणाला, ‘सूर काय बाई, मी संत्री मोजून राहिलो होतो.’

८ जून. फार वाईट दिवस.

शाळेला सुट्टी. मोरोपंत ओसरीत बसले होते तेवढ्यात गोवर्धन टोपली घेऊन आला. टेकल्या टेकल्या म्हणाला, ‘महाराज, त्या रेवतीले उत्तर भेटन का नाई? तुमी पत्रिका पाहा न तिची.’

पंत म्हणाले, ती गोष्ट डिसेंबरात संपली.

‘कावून संपली? मागच्या शुक्रवारी गाडीत वाचली मी. चहा करून राहिली ते.’

‘संपली. समाप्त छापलं होतं. मी या डोळ्यांनी वाचलं.’

‘मग मी काय आंधळा हाओ?’

दोघांचं चांगलंच जुंपलं. रेवती भित्री की धीराची, वसाहत फुटली यात चूक कोणाची, पृथ्वीसंघाचा करार खरा की कागदी. गोवर्धन म्हणाला, करार झाला म्हंजे कोणी हवा देते असं नाई, आमच्या गावच्या धरणाचा करार पाहा. मी पोहे आणायच्या निमित्ताने आत गेले आणि पोहे होऊनही तिथेच उभी राहिले. शेवटी पंतांनी मलाच हाक मारली. ‘वहिनी, तुम्ही सांगा. संपली ना?’

मी म्हटलं, ‘तुम्ही तो अंक बहुतेक घाईत वाचला.’

पंतांनी चष्मा पुसला. मग म्हणाले, डिसेंबरचा अंक दाखवता का. मी सांगितलं, तो अकोल्याला आहे. हे खरंच होतं. बांधायचे म्हणून शेरे बघून झालेला प्रत्येक अंक तारा गोवर्धनबरोबर परत मागवून घेते. पानं माझ्याकडे होती, पण त्यांनी पानं मागितली नव्हती, अंक मागितला होता.

२६ जून.

पंतांकडे गेले. ब्राह्मीचा काढा घेत होते. म्हणाले, ‘वय झालं, वहिनी. जे छापलं नाही ते मला छापलेलं दिसलं. इतकं स्वच्छ दिसलं की अजून दिसते.’ परवा एका घरी सत्यनारायणाचा तिसरा अध्याय दोनदा वाचला म्हणे. प्रसादाच्या वेळी बायका हसल्या.

मी त्यांना पावशेर बदाम नेऊन दिले. संकल्प: सोमवारी सगळं खरं सांगायचं.

२७ जून, सोमवार.

सोमवारी पंतांचा उपास असतो. उपाशी माणसाला असलं काही सांगू नये.

१८ जुलै.

एकशे पंधरा. रेवतीकडचा चहा संपला. ही मोठी घटना आहे. मी स्वतःवर खूश आहे.

पंतांनी दोन घरांची कायमची पूजा पुतण्याला देऊन टाकली. श्रावण तोंडावर असताना. उद्या नक्की सांगणार.

२२ जुलै.

ह्यांना नकाशांच्या पुस्तकातली पानं सापडली. कोणत्या तरी केससाठी मूर्तिजापूर तालुका बघत होते. मला वाटलं रागावतील. त्यांनी पानं वाचली, माझी वही वाचली, चष्मा काढला. म्हणाले, ‘हा बनावट दस्तऐवज आहे. भारतीय दंडविधान चारशे त्रेसष्ट. मंगळावर हायकोर्ट असेल तर वाचशील.’ मी हसले नाही. मग ते म्हणाले, ‘एक पत्र टाकायचं होतं ना तिला. साधं. सहा भाग लिहिलेस त्यापेक्षा कमी शाई लागली असती.’

पुरुषांना साहित्यातलं कळत नाही. आणि सात भाग झाले, सहा नव्हे.

१२ ऑगस्ट.

मागच्या अंकावर निळी शाई नाही. एक टिंबसुद्धा नाही. चहा संपल्यावरही नाही.

कामात असेल. शाळा सुरू झाली.

९ सप्टेंबर.

ऑगस्टचा अंक परतच आला नाही. गोवर्धनला विचारलं. म्हणाला, ‘त्या सामान बांधून राहिल्या, बाई. तुमाले मालूम नाई? रायपूरले चालल्या. तिकडच्या शाळेत मोठी बाई म्हणून. दसरा झाला का जातीन. अकोल्यातलं घर सोडलं.’

रायपूर मध्य प्रदेशात आहे. शेवटी तिने एकटीने वेगळं राज्य घेतलं.

मी सप्टेंबरच्या अंकासाठी एकशे सतरा सुरू केला आहे. त्यात यान परत येतं. नक्की येतं.

१६ सप्टेंबर.

यान येण्याच्या बेतात आहे.

२४ सप्टेंबर. दुपारी चार.

गोवर्धनने एक बासन आणून दिलं. आज त्याने उंदरांची चौकशी केली नाही. बासनात माझे सगळे भाग. एकशे आठच्या त्या शेवटापासून पुढचे सगळे, शिलाई सोडवून, नीट लावून. शाळेच्या पेपरासारखे तपासलेले. प्रत्येक ‘चहा’खाली रेघ. शेवटच्या पानाच्या पाठीवर पत्र. तीन वर्षं अकरा महिन्यांनी.

‘पमे, डिसेंबरचा अंक मी स्टेशनवर विकत घेतला होता. त्या महिन्यात तुझ्या अंकाला उशीर झाला आणि मला राहवलं नाही. तेव्हा शेवट मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. तुझे भाग मी कोणाला दाखवले नाहीत. आधी वाटलं, ही आता मुद्द्यावर येईल. मग वाटलं, पुढच्या महिन्यात येईल. रेवतीची मैत्रीण गणितात हुशार होती हे वाचून रडले, मग मोजलं, ते वाक्य तू पाच भागांत पाच वेळा लिहिलंस. एकदाही तिला काय झालं ते विचारलं नाहीस.

‘तू त्या दिवशी काय बोललीस ते तुझ्या लक्षात आहे की नाही मला माहीत नाही. माझ्या आहे. गोवर्धन सांगत होता, मोरोपंतांनी पूजा सोडल्या. त्यांना आजच्या आज खरं सांग. बाकी काही केलं नाहीस तरी चालेल.

‘शेवट मी करून दिला आहे.’

खाली निळ्या शाईत एकच ओळ: ‘रेवतीने यंत्र बंद केलं, उरलेला चहा प्यायली, आणि तिला हलकं वाटलं. समाप्त.’

चहा जुलैतच संपला होता. पण ते आता सांगत बसत नाही.

त्याच दिवशी, सहा.

पंतांकडे जाऊन आले. मूळ पानं त्यांच्या हातात दिली. त्यांनी ‘समाप्त’वर बोट ठेवलं आणि बराच वेळ काढलं नाही. मला वाटलं ओरडतील. म्हणाले, ‘म्हणजे मला बरोबर दिसलं होतं.’ मी विचारलं, पूजा परत मागून घेता येतील का. म्हणाले, ‘पुतण्याचं बस्तान बसलं आता. यजमानांनाही त्याचा आवाज आवडते.’ मग माझे भाग मागून घेतले, सगळे वाचले. मी समोर बसून होते. शेवटी चष्म्यावरून बघून म्हणाले, ‘पण वहिनी, हवा कुठून आली?’



२५ सप्टेंबर.

लक्षात आहे. इथे लिहिलं नव्हतं, कारण मीच वाचणार आणि मला माहीत आहे, असं मी स्वतःला सांगत होते. तारा नवऱ्याचं घर सोडून आली त्याला तेव्हा दहा वर्षं झाली होती. मी तिच्याच घरात, तिनेच केलेला चहा पीत म्हणाले होते, ‘ज्यांना घर टिकवता येत नाही त्यांनी राज्य मागू नये.’

हे राजकारणाबद्दल नव्हतं.

तिने पिशवी दारात ठेवली तेव्हा कप माझ्या हातातच होता. तो कुठे ठेवला ते आठवत नाही.

२९ सप्टेंबर. सकाळी.

उद्या शुक्रवार. गोवर्धन अकोल्याला जाईल. सकाळपासून चिठी लिहिते आहे. पहिला खर्डा सहा पानी झाला आणि त्यात तांबडी धूळ आली, तेव्हा फाडला. दुसरा दीड पान. हा तिसरा. नियम चारप्रमाणे इथे उतरवून ठेवते, कारण मूळ परत येणार नाही.

‘तारे, मी चुकले. त्या दिवशीचं लक्षात आहे. पंतांना सांगितलं. गोवर्धन सांगत होता, तुझी पॅसेंजर सोमवारी तीन तारखेला दुपारी बडनेऱ्याला येते, वीस मिनिटं थांबते. मी प्लॅटफॉर्मवर असेन. तुला उतरायचं नाही, बोलायचं नाही. फक्त तुझ्या बाजूची खिडकी उघडी ठेवशील का?’

गोवर्धनला सांगून ठेवलं आहे, उत्तर घेऊन ये. ती नाही म्हणेल.